एका जुवाखाली
घाट उतरताना माझी गाडी वीज परत मिळवते. मोटरच जनित्र होते, चाकं जड होतात आणि पडद्यावरचा आकडा एक-दोन टक्क्यांनी वर सरकतो. रोहिणखेडला परतताना ते पाहण्यात मला दर वेळी सुख वाटायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र चढणीला 22 टक्के दाखवणारी गाडी दोन वळणांत शून्यावर आली आणि थांबली. झाडीतून पाणी ठिबकत होतं. आमच्या गावाजवळ 1437 साली आणि पुन्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यं भिडली होती. त्यांची ओझी ओढणारे किती बैल अशाच चढणीला बसले असतील, असं त्या अंधारात वाटून गेलं.

बॅटरीची हमी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची. गावात सगळे म्हणाले, "अख्खी नवीच मागा." मीही तेच मागायला गेलो.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोरानं जाड रबरी हातमोजे काढले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शंभर सेलांचे शंभर उभे पट्टे. सगळे एका उंचीचे, मधला एकच खुजा.

"काका, नव्व्याण्णव ठणठणीत आहेत. पण एका ओळीत जोडलेत ना. हा रिकामा झाला की सगळ्यांना थांबावं लागतं."

एकेक सेल जेमतेम 3.2 व्होल्टचा, शंभर ओळीनं जोडले की 320. ओळीतल्या प्रत्येकातून तेवढाच प्रवाह जातो, दमलेल्याला त्यात सूट नाही. तो 2.5 च्या खाली जाऊ लागला की कायमचा नासण्याची भीती, म्हणून बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा सगळ्यांनाच थांबवते. घाटात ज्या थांबण्यावर मी चिडलो होतो, ते त्या एकासाठी होतं.

मला बाबांचं औत आठवलं. एक बैल तरणा, एक उतारवयाचा. तासाच्या टोकाला बाबा थांबत आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर तळवा टेकून श्वास बघत. "औताची चाल दमलेल्या बैलाची," म्हणत. लोकांनी सांगूनही त्यांनी ती जोडी बाजारात नेली नाही.

मी अख्ख्या बॅटरीचा हट्ट सोडला. कंपनीची मंजुरी यायला 23 दिवस लागले. ते दिवस जड गेले. मग त्या सेलचा मॉड्यूल तेवढा बदलला. नवा आला तरी लगेच जोडला नाही. आधी त्याला बाकीच्यांच्या पातळीला आणलं, मगच ओळीत घेतलं. नव्या बैलालाही बाबा आधी जुन्याशेजारी नुसते चालवत.

घरी आलो ते थेट गोठ्यात गेलो. बाबांचं जू अजून खुंटीला आहे. मधोमध दांडा बांधायची खाच, आणि तिच्या शेजारी, चार बोटं बाजूला, दुसरी. लहानपणी मला ती सुताराची चूक वाटायची. आज तिच्यात बोट फिरवलं तेव्हा उमगलं. दांडा तरण्याच्या बाजूला सरकवला की ओझ्याचा मोठा वाटा त्याच्या खांद्यावर जातो, म्हाताऱ्याचा हलका होतो. बॅटरीतल्या ओळीला अशी खाच नाही.

मधल्या खाचेपेक्षा ही दुसरीच जास्त झिजली आहे.