तुर्भ्याचा भुईमूग

सायंकाळच्या वेळी घाटकोपर स्थानकाबाहेर खारे दाणे विकणारा बसलेला असतो. त्याच्या टोपलीत दाण्यांच्या ढिगावर मातीचे एक लहानसे मडके ठेवलेले असते व त्यात निखारे धुमसत असतात. घरी परतणारा एखादा गृहस्थ कागदाची पुडी घेतो, फुंकरीने साले उडवितो आणि दाणे तोंडात टाकीत चालू लागतो. त्या दाण्याचे कुळ कोणते, हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. तथापि भुईमुगाच्या एका थोर कुळाचे मूळ घर तेथून फार दूर नाही. चेंबूर व मानखुर्द मागे टाकून खाडीकडे गेले की तुर्भ्याचा डोंगर लागतो. इंग्रजीने त्याचे 'ट्रॉम्बे' केले आणि जगाला तेच नाव ठाऊक झाले.

या डोंगराच्या परिसरात १९५४ साली अणुशक्तीच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली. १९६७ पासून ती 'भाभा अणुसंशोधन केंद्र' या नावाने ओळखली जाते. तेथील अणुभट्ट्यांविषयी सर्वांनी ऐकलेले असते. तेथे भुईमुगाची रोपेही निगुतीने वाढविली जातात, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

किरणांचा आणि बियाण्याचा संबंध काय? अमेरिकेत हर्मन मुलर यांनी १९२७ साली असे दाखवून दिले, की क्ष-किरणांनी फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत बदल घडविता येतात. त्याच सुमारास लुईस स्टॅडलर यांनी सातू व मका या पिकांवर तोच प्रयोग केला. असे बदल निसर्गातही होतात, पण क्वचित. किरणांमुळे त्यांची संख्या वाढते, इतकेच. किरण दिलेले बी स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. मात्र किरण आंधळे असतात. हवा तोच बदल घडविण्याची आज्ञा त्यांना करता येत नाही. हजारो रोपे उगवतात. त्यांत कित्येक खुजी, कित्येक वांझ, कित्येक फिकट निघतात. पुष्कळ बदल पहिल्या पिढीत दिसतही नाहीत, दुसऱ्या पिढीत प्रकट होतात. म्हणून एकेक झाड निरखीत वर्षानुवर्षे शेतात उभे राहावे लागते. यंत्राने हे काम होत नाही. त्याला डोळे लागतात, आणि डोळ्यांहूनही अधिक धीर लागतो.

डॉ. एस. एच. पाटील यांनी तुर्भ्यास हा धीर धरला. 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या भुईमुगाच्या बियांना क्ष-किरण देऊन जे वाण निघाले, त्यांतला टपोऱ्या दाण्याचा 'टीजी-१' वाण १९७३ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. 'विक्रम' हे त्याचे दुसरे नाव. पुढे अशा वाणांचे परस्परांशी संकर झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने सिद्ध झालेला 'टॅग-२४' हा ठेंगणा, लवकर तयार होणारा वाण १९९१ साली आला. पाऊस आपला मुक्काम लवकर हलवू लागला, तर लवकर तयार होणारे पीकच पदरात पडते.

परंतु पावसाची दुसरी खोड अधिक कठीण आहे. तो जावयाच्या वेळी जात नाही. भुईमुगाला आऱ्या सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि शेंगा मातीच्या आत पोसतात. काढणीच्या तोंडावर पाऊस पडला आणि जमीन ओली राहिली, की उपट्या भुईमुगाच्या पक्व दाण्यांना शेंगेतच कोंब फुटतात. शेतकरी झाड उपटतो तो हाती मोड आलेल्या शेंगा येतात. ते दाणे तेलाला उतरत नाहीत, बियाण्यालाही चालत नाहीत. चार महिन्यांचे श्रम चार दिवसांत मातीमोल होतात. हवामान पालटू लागल्यापासून अवेळी पावसाचे हे भय वाढले आहे.

यावर उपाय एकच : दाण्याने काही काळ निजून राहिले पाहिजे. पसऱ्या भुईमुगात ही झोप असते, पण ती फार लांबते. आणि त्याचे पीकही उशिरा हाती येते. झोप हवी, पण बेताची हवी. ती फार गाढ झाली, तर पुढच्या पेरणीला बी उगवणार नाही. 'टीजी-२६' या १९९५ सालच्या वाणात हे माप नेमके साधले आहे. त्याचा दाणा सुमारे वीस दिवस निजतो. कोकणासाठी १९९६ साली 'टीकेजी-१९ अ' हा वाण आला. त्याची झोप याहूनही थोडी अधिक आहे. जेथे पाऊस हट्टाने रेंगाळतो, तेथे ते योग्यच म्हणावयाचे.

खरीप सरत आला आहे, शेंगा भरल्या आहेत, आणि आभाळ पुन्हा दाटून येते. तीन दिवस झड लागते. चिखलात पाय घालण्याची सोय राहत नाही. चौथ्या दिवशी उघडीप होताच शेतकरी बांधावरून खाली उतरतो, एक झाड उपटतो, शेंग अंगठ्याने फोडतो. आतला दाणा अजून निजलेला असतो. तो झाड तसेच खाली ठेवतो आणि काढणीची माणसे बोलवावयास घराकडे वळतो.