आईंची पाठ, आईंचे हात

कातडीचं म्हातारपण म्हणजे नेमकं काय, हे मला सासूबाईंना आंघोळ घालताना कळलं. नव्वदीकडे झुकल्यावर त्या सिन्नर तालुक्यातलं गाव सोडून आमच्याकडे, नाशिकरोडला जेलरोडवर राहायला आल्या. पाठीपर्यंत त्यांचा हात पोचेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा त्यांची पाठ उघडी पाहिली आणि मी थबकलेच. पोलक्याने आणि पदराने जन्मभर झाकलेली ती पाठ मऊ होती, एकरंगी होती, सुरकुती शोधावी लागत होती. कोपराखालचे हात मात्र अगदी निराळे. काळपट डाग, त्यांत पांढरे ठिपके, आणि कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ झालेली कातडी. बांगडी जरा आपटली तरी मनगटाजवळ जांभळा डाग उमटायचा. बाई एकच, वय एकच आणि कातड्या दोन.

आईंची सगळी हयात कांद्याच्या आणि बाजरीच्या रानात गेली. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांचा हात आणि खांदा शेजारी धरून मला दाखवलं. म्हणाल्या, "हा खांदा म्हणजे यांचं खरं वय. हातावर दिसतंय ते वय अधिक ऊन." उन्हातले अतिनील किरण कातडीत खोलवर जातात आणि तिला ताठ, लवचीक ठेवणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे वर्षानुवर्षं तोडत राहतात. ढगाळ दिवशीही ते पोचतात, खिडकीच्या काचेतूनही त्यांतले बरेच आत येतात. वय कुणाला चुकलेलं नाही. उन्हाचा वाटा मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो.

माझी पाळी थांबून तेव्हा काही वर्षं झाली होती. इस्ट्रोजेन कमी झालं की पहिल्या पाचेक वर्षांत कातडीतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं आणि तेलग्रंथीही मंदावतात, हे मला त्याच डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यात आपली नाशिकची थंडी कोरडी. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की आमच्याकडे नडग्यांवर खवले धरतात आणि टाचा भेगाळतात. आईंना तर रात्रभर खाज सुटायची, झोप लागायची नाही. अंगावर पुरळ नसताना म्हाताऱ्या माणसाला सर्वांगाला खाज सुटली, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर हे तपासून घ्यावं लागतं. आईंचं सगळं ठीक निघालं. खाज निव्वळ कोरडेपणाची होती.

उपायाची सुरुवात कमी करण्यापासून झाली. कढत पाणी बंद, कोमट सुरू. रोज सर्वांगाला साबण बंद. काख, जांघ आणि पावलं एवढ्यापुरताच तो ठेवला. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचाच्या आसपास. वडीचा साबण बहुधा नऊ-दहाच्या घरात. तरुण कातडी तो धक्का लवकर भरून काढते, म्हातारीला वेळ लागतो. अंग घासायचं नाही, मऊ पंचाने टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, वरून तेलाचा किंवा साध्या बिनवासाच्या क्रीमचा हात फिरवायचा. तेल स्वतः पाणी देत नाही, कातडीतलं पाणी उडू देत नाही. म्हणून ते कोरड्या अंगापेक्षा ओलसर अंगावर जास्त लागू पडतं. टाचांना रात्री युरियाचं मलम आणि वर सुती मोजे.

आंघोळीआधीचा तिळाच्या तेलाचा अभ्यंग आईंना ठाऊक होताच. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात तो रोज करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून करावा, आणि अजीर्ण झालेल्याने करू नये, असं सांगितलंय. मी तेल वाटीत कोमट करून नडगीवरून खाली, केसांच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने जिरवायची. "पुरं गं पोरी, चादरी खराब व्हतील," असं त्या म्हणायच्या आणि दुसरा पाय पुढे करायच्या. तळवे मात्र मी कोरड्या फडक्याने नीट पुसून काढायची आणि मगच त्यांना उभं करायची. तेलकट पायांनी फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं.

दिवाळीला उटणं हवंच. नाशिकच्या जुन्या पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि मुलतानी माती आणून मी घरी मिसळते. आईंसाठी मातीचं प्रमाण घटवलं, कारण ती उरलंसुरलं तेलही शोषून घेते. पूड वस्त्रगाळ केली, दुधात कालवली आणि चोळण्याऐवजी नुसती लावून धुतली. नैसर्गिक म्हणजे आपोआप सौम्य, असं नसतं. लिंबाचा रस नैसर्गिकच, पण त्याचा सामू दोनाच्या आसपास. तो लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग पडतात. म्हणून आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू, मग ती झाडपाल्याची का असेना, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस पाहायची, असा शिरस्ताच पडला.

हे सगळं मी भिशीतल्या मैत्रिणींना पोटतिडकीने सांगते, त्याला कारण आहे. आमच्यातल्या एकीला पार्लरमध्ये "वय उतरवणारं" म्हणून बिनलेबलची डबी मिळाली. आठवड्यात चेहरा उजळला, काही महिन्यांत लाल झाला, आग व्हायला लागली आणि उन्हात उभं राहवेना. त्यात स्टिरॉइड असावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. अशी मलमं आपल्याकडे २०१८पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याहून वाईट बातमी २०२३च्या सुरुवातीला अकोल्याहून आली. एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. गोरं दिसण्याची आणि तरुण दिसण्याची भूक बाजार एकाच डबीत भागवतो, आणि किंमत मोजतं ते शरीर.

माझ्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत आणि त्या राहोत. मला हवी आहे ती न खाजणारी, न फाटणारी, जखम झाली तर भरून येणारी कातडी. त्यासाठी मी मुक्तिधामच्या बाजूला फिरायला जाते ते ऊन चढण्याआधी किंवा उतरल्यावर. एरवी बाहेर पडताना पूर्ण बाह्या, छत्री, आणि उघड्या भागाला एसपीएफ ३०चं सनस्क्रीन. मानेला आणि हातांच्या मागच्या बाजूलाही लावते, कारण चेहरा जपताना बायका नेमकं तेवढंच विसरतात.

सिन्नर-निफाडकडे द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या रानात बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात आणि डोक्याला, तोंडाला फडकं गुंडाळतात. त्यांच्या या शहाणपणाला पैसे पडत नाहीत आणि कुठल्याही महागड्या डबीपेक्षा ते जास्त राखतं. आईंच्या उमेदीत रानात शर्ट घालायची रीत नव्हती. त्यांच्या पाठीला पोलक्याने जे दिलं, ते हातांना मिळालं नाही.

तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर आठवड्यातून एकदा स्वतः त्यांना तेल लावा. तेल लावताना डोळे उघडे ठेवा. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, महिना उलटूनही न भरणारी जखम, टाचेवर किंवा माकडहाडावर टिकून राहिलेली लाली दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. नखं कापा, हातातली काचणारी बांगडी किंवा अंगठी काढून ठेवा. त्यांना आराम पडेलच. आणि आपल्या अंगावर पुढे काय येणार आहे, त्यातलं काय टाळता येईल, हे तुम्हालाही वेळेत कळेल.