तोडीस तोड

खुसखुशीत प्रेमकादंबरीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा, की तिचा शेवट पहिल्या प्रकरणातच कळतो. दोघं भेटतात, पहिल्याच भेटीत खटके उडतात, आणि वाचणारा मनात म्हणतो, झालं, आता यांचं लग्न लागल्याशिवाय पुस्तक संपत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या जागी बसतो. शेवट ठाऊक असणं हा दोष असता, तर ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालीच पडलं असतं. सुभद्रा अर्जुनाचीच होणार, हे नाट्यगृहात शिरणाऱ्या प्रत्येकाला महाभारतातून माहीत होतं, आणि तरीही हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या रंगत आलं. निकाल आधीच लागलेला असला, की लक्ष आपोआप चालीकडे जातं. कोण कुणाला काय म्हणालं, त्यावर काय उत्तर आलं, कोणतं वाक्य बोलायचं राहून गेलं, हे पाहायला मन मोकळं होतं. विनोदी प्रेमकथेची मोहिनी या मोकळीकीत आहे. ‘जमेल का?’ हा तिचा प्रश्नच नव्हे. ‘ही दोघं एकमेकांच्या तोडीची आहेत का?’ हा तिचा प्रश्न आहे, आणि त्याची परीक्षा संवादातच होते.

या परीक्षेची मराठी परंपरा कुठून आली ते पाहू गेलं, तर वाट पुण्या-मुंबईच्या बरीच खाली, कन्नड मुलखाकडे वळते. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या बाजूने भागवत मंडळींचे खेळ सांगलीला पोचले, ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. मराठी रंगभूमीची सुरुवात एका लग्नापासून झाली, एवढं यातून निघतंच. पण त्या लग्नात वधूवरांना एकमेकांशी बोलायला फारसा वाव नव्हता. तो वाव दिला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ‘सौभद्र’मध्ये बलराम सुभद्रेला दुर्योधनाकडे द्यायला निघाला आहे, अर्जुन यतीचा वेष घेऊन त्याच घरात मुक्कामाला आहे, कृष्ण सगळ्यांना खेळवतो आहे आणि रुक्मिणी त्याच्यावर रुसते आहे. नावं पुराणातली, पण बोलणं एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनी घरातलं. देवांच्या संसारातले रुसवेफुगवे प्रेक्षकांना स्वतःच्या माजघरातले वाटले. आज जिला आपण ‘समकालीन’ प्रेमकथा म्हणतो, तिची रीत हीच: गोष्ट जुनी, जीभ आजची.

या बोलण्याला इतकं मोल का आलं, याचं उत्तर गोविंद बल्लाळ देवलांची दोन नाटकं एकमेकांशेजारी ठेवली की मिळतं. १८९९ च्या ‘शारदे’त पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. शारदा आणि तिच्या मैत्रिणी जरठ नवऱ्यांची थट्टा करतात, ती थट्टा चांगली धारदारही आहे, पण ती मुलींमुलींतच राहते. लग्न मोडतं ते शारदेच्या नकाराने नव्हे, तर वर सगोत्र निघाला म्हणून. मुलीच्या शब्दापेक्षा गोत्राचा शब्द जड, हे देवलांनी विनोदाच्या अंगाने दाखवलं आणि म्हणूनच ते जास्त बोचलं. त्याच देवलांचं १८९३ सालचं गद्य प्रहसन पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन रंगभूमीवर आलं. कथानकाचं मूळ मोलिएरचं, इंग्रजी रूपांतरातून मराठीत उतरलेलं. एका तसबिरीवरून फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, कृत्तिका फाल्गुनरावावर, आणि अश्विनशेठ-रेवतीची जोडीही त्याच वावटळीत सापडते. इथे सगळे जण बोलतात, नको तितकं बोलतात. पण बायका संशय घेऊ शकतात, जाब विचारू शकतात, तोंडावर उत्तर देऊ शकतात. पहिल्या नाटकात मुलीला उत्तर देण्याची सोयच नाही, म्हणून ते शोकाच्या कडेला जातं. दुसऱ्यात उत्तरांचा सुळसुळाट आहे, म्हणून ते हसवतं. ज्या समाजात लग्नं वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरतात, तिथे दोघांनी एकमेकांना पारखायची जागा संवादाखेरीज दुसरी कोणती उरते? बायकोच्या हजरजबाबीपणाला हसून दाद देणारा नायक नकळत एक गोष्ट कबूल करून बसतो: हिला स्वतःची बुद्धी आहे.

कादंबरीने हे काम उशिरा आणि जरा भीतभीत हाती घेतलं. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. त्यांच्या कादंबऱ्यांतले तरुण-तरुणी कॉलेजात, सहलीत, टेनिसच्या मैदानावर भेटू लागले, तेव्हा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी’ या वादात फडक्यांवर पुष्कळ टीका झाली. १९३१ च्या ‘प्रतिभासाधना’त त्यांनी कथानकाची गुंफण, उत्कंठा, रहस्य यांचं तंत्र उलगडून दाखवलं. त्यांची भाषा नीटस, इस्त्री केलेली. पण त्यांची जोडपी बहुतेक योगायोगाच्या जोरावर जवळ येतात, युक्तिवादाच्या जोरावर क्वचितच. जेन ऑस्टिनच्या १८१३ मधल्या कादंबरीतली एलिझाबेथ मागणी घालणाऱ्या डार्सीला नकार देते तो कारणांसह, आणि ती कारणं ऐकून डार्सीला स्वतःला बदलावं लागतं. तोडीस तोड म्हणतात ती ही. मराठीत अशी बाई सर्वांत ठसठशीतपणे आली ती गौरी देशपांडे यांच्या कादंबऱ्यांत: प्रेमात पडल्यावरही बुद्धी गहाण न टाकणारी, प्रियकराची आणि स्वतःचीही खिल्ली उडवणारी. भारतीय इंग्रजीत अनुजा चौहान यांच्या २००८ च्या ‘द झोया फॅक्टर’मध्ये जाहिरात कंपनीतली मुलगी क्रिकेट संघाची ‘नशीबवान ताईत’ ठरते, आणि संघाचा कर्णधार मात्र नशिबावर विश्वासच ठेवत नाही. त्यांच्या चकमकी गमतीच्या आहेतच, पण त्यांच्या तळाशी ‘यश कष्टाचं की दैवाचं’ हा खरा वाद आहे. तळाला असा वाद नसला, तर चुरचुरीत संवाद शेवेसारखा मूठभर खाल्ल्यावर पुरे होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही वाक्चातुर्याची प्रीती म्हणजे शिकल्यासवरलेल्या, रिकामा वेळ हाताशी असलेल्या वर्गाचा खेळ आहे, असं म्हटलं जातं. छापील पुस्तकांपुरतं ते बरंचसं मान्य करावं लागेल. जात, घरभाडं, पगाराची तारीख या गोष्टी अशा कादंबऱ्यांत अनेकदा दाराबाहेरच थांबवल्या जातात. पण प्रेमातली थट्टा या वर्गाने शोधली, हे मात्र खरं नाही. नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, या बंधनावर बायकांनीच उखाण्याची तोड काढली. नाव घ्यायचंच, पण यमकात, चारचौघांत, आणि जमलं तर सासूला एखादा चिमटा काढून. तमाशातली गौळण कृष्णाला अडवणुकीचा जाब विचारते. लावणीच्या फडात सवाल-जवाब झडतात आणि उत्तर न सुचणारा हरतो. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिली, तेव्हा त्यांना वेगळं काही आणावं लागलं नाही. फुलं विकणाऱ्या मंजुळेची जीभ शुद्ध भाषा शिकण्याआधीच तल्लख होती. प्रोफेसर तिला उच्चार शिकवतो, उत्तर देणं शिकवत नाही. ते तिचं तिच्यापाशी होतंच. उणीव या प्रकारात नाही, कुणाच्या तोंडचं उत्तर छापायचं याच्या निवडीत आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. थट्टेच्या नावाखाली अपमान खपवला जातो, मुलीच्या नकाराला ‘लटका राग’ समजून तिचा पाठलाग करणारा नायक हिंदी-मराठी पडद्यावर वर्षानुवर्षं टाळ्या घेत आला. हे खरं आहे, आणि म्हणूनच चांगल्या विनोदी प्रेमकथेची कसोटी नीट सांगायला हवी. विनोद दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे आणि समोरच्याला खेळ थांबवता आला पाहिजे. एकच माणूस बोलतो आणि दुसरं फक्त लाजतं किंवा चिडतं, तिथे विनोद उरत नाही, अरेरावी उरते. २०१० चा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ या कसोटीला उतरतो. स्थळाला नकार द्यायला मुंबईहून आलेली मुलगी आणि पुण्यातला मुलगा दिवसभर शहरांवरून, सवयींवरून भांडतात. चित्रपटभर त्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पत्रिका, पगार, उंची आधी आणि बोलणं शेवटी, तेही वडीलमंडळींसमोर दहा मिनिटं. या चित्रपटाने तो क्रम उलटा केला. ठरवून होणाऱ्या लग्नाच्या चौकटीतच त्याने संवादाला पहिला मान दिला, आणि मराठी प्रेक्षकाला तो आपलासा वाटला याचं कारण यात आहे.

उरतो तो सुखान्त. सुखान्त म्हणजे लबाडी, खरं जग असं नसतं, हा आरोप एमिली हेन्रीने २०२० च्या ‘बीच रीड’मध्ये गोष्टीतच आणून ठेवला. तिथे प्रेमकादंबऱ्या लिहिणारी बाई आणि गंभीर कादंबऱ्या लिहिणारा पुरुष पैज लावून एकमेकांचा प्रकार लिहायला घेतात. वाद रंगतो तो याच मुद्द्यावर, की दुःखच तेवढं खरं कशावरून? मुद्दा साधा आहे. दुःखान्त कादंबरी वाचून कुणी ‘सगळ्यांचं असंच होतं’ असा निष्कर्ष काढत नाही, मग सुखान्तालाच हमीपत्र का समजायचं? सुखान्त म्हणजे भविष्यकथन नव्हे, ती एक मागणी आहे. शारदेला जी गोष्ट मिळाली नाही, ती अशी विनोदी प्रेमकादंबरी प्रत्येक वाचकाच्या मनात हक्कासारखी रुजवते: ज्याच्यासोबत आयुष्य काढायचं, त्याला माझं बोलणं ऐकावं लागेल, त्यावर उत्तर द्यावं लागेल, आणि कधीकधी हरावंही लागेल. ही मागणी घेऊन एखादी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला बसली आणि पहिला प्रश्न तिनेच विचारला, तर त्या ‘हलक्याफुलक्या’ पुस्तकाने जड पुस्तकांइतकंच काम केलं असं म्हणावं लागेल.