अडकलेला बोल्ट

जून आणि जुलै हे दोन महिने वसईच्या किनाऱ्यावरील होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. मासेमारी बंद असते, आणि वर्षभर दुर्लक्षिलेली इंजिने उघडण्यास हाच काळ मोकळा सापडतो. या दिवसांत पाचूबंदर किंवा नायगाव येथे चक्कर मारली, तर एखाद्या होडीपाशी चार माणसे गप्प उभी राहिलेली दिसतात. ती तशी दिसली की आम्ही मनाशी समजतो, बोल्ट तुटला.

ज्याने पाना कधी हाती धरला नाही त्याला या तुटण्याची कल्पना देणे कठीण. पान्याच्या दांड्यावर सारा जोर पडलेला असतो, बोल्ट हलत नाही; मग क्षणभर तो मऊ लागतो, हात सुखावतो, आणि बारीकसा आवाज होऊन डोके पान्यासकट बाहेर येते. तो मऊपणा सुटण्याचा नसतो, पिळवटण्याचा असतो. सुटणारा बोल्ट बहुधा आधी चरचरतो. ज्यांच्या हाताला हा फरक कळतो ते तेथेच थांबतात, बोल्ट थोडा उलट घट्ट करतात, तेल सोडतात, पुन्हा थोडा सैल करतात. एकेका बोल्टला अर्धा तास लागतो. मालक कुरकुरतो.

तुटलेल्या बोल्टांचे, आमच्या मते, दोन निरनिराळे प्रकार मानावयास हवेत. काही बोल्ट आवळताना अति जोराने तुटतात. यांचे डोके उडाले की आतील ताण नाहीसा होतो, आणि उरलेला तुकडा छिन्नीच्या टोकाने हळूहळू ठोकूनही फिरवता येतो. दुसरा प्रकार गंजाचा, आणि बंदरावरचे बहुतेक याच जातीचे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. आट्यांमध्ये जेथे केसभरही फट नव्हती तेथे तो फुगतो आणि बोल्टास चहूबाजूंनी दाबून धरतो. त्यात खाऱ्या पाण्याचा शेजार आणि इंजिनची उष्णता, म्हणजे विचारावयासच नको.

अशा वेळी बहुतेक तरुण फिटर ‘एक्स्ट्रॅक्टर’ बाहेर काढतात. बोल्टमध्ये भोक पाडायचे, उलट्या आट्यांचे हे निमुळते हत्यार आत ठोकायचे आणि डावीकडे फिरवायचे. युक्ती कागदावर सुरेख आहे. परंतु जो बोल्ट आपल्या पुऱ्या जाडीनिशी पिळला गेला तरी सुटला नाही, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या हत्याराने कसा सुटावा? शिवाय ते निमुळते असल्याने ठोकताना बोल्टला आतून फुगवते, म्हणजे गंजाच्याच मदतीस जाते. आणि ते कठीण पोलादाचे, म्हणून ठिसूळ. तुटले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या अखेरीस आमच्या परिचयातील एका होडीवर नेमके हेच झाले. धुराड्याच्या मॅनिफोल्डचा 10 मिलिमीटरचा स्टड हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला, आणि त्यात एक्स्ट्रॅक्टरही मोडून बसला. 1 ऑगस्ट चार दिवसांवर आलेला. खलाशी गावाहून निघाले होते, बर्फ सांगून ठेवलेले होते. अखेर सबंध हेड उतरवून, साखळीच्या कप्पीने वर घेऊन, टेम्पोतून वसई पूर्वेच्या एका कारखान्यात न्यावे लागले. तेथे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजविणारे यंत्र होते. ही युक्ती लाझारेन्को या रशियन शास्त्रज्ञ पती-पत्नींनी 1943 मध्ये पुढे आणली. विजेच्या स्विचांची टोके ठिणग्यांनी झिजतात, ती का झिजतात याचा शोध घेता घेता. धातू किती कठीण आहे याची त्या ठिणगीला पर्वा नसते. एक्स्ट्रॅक्टरची पूड झाली, हेडचे आटे वाचले. पण नवे गॅस्केट, हेडची फिटिंग, यंत्राचे भाडे असे करता करता होडी पाच दिवस उशिरा निघाली. बंदीनंतरचे ते पहिले दिवस नाखव्याला कसे असतात, हे बंदरावरच्या माणसास सांगावे लागत नाही.

आम्हांस पटलेली रीत जुन्या मिस्त्रींची आहे. तुटक्या टोकावर थोडे मोठे नट ठेवावे आणि नटाच्या आतून वेल्डिंग करून दोन्ही एकजीव करावेत. इंजिनघरातून डिझेलचे फडके, घासलेटचे डबे आधी बाहेर काढावेत, बॅटरीची वायर सोडावी. लोक समजतात की नट लावल्यामुळे पान्याला पकड मिळते, एवढेच. खरे काम उष्णता करते. 10 मिलिमीटरचा पोलादी बोल्ट 200 अंशांनी तापला तर सुमारे 0.024 मिलिमीटर फुगतो, केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. भोवतीचे बीड त्या मानाने थंड असते, म्हणून तो फुगताना मधला गंज भरडतो, आणि निवताना आकसून त्यापासून अलग होतो. तो कोमट असतानाच आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आत ओढले जाते. आमच्या घरांत मेणबत्तीची वाण तशीही नसते. पहिल्या खेपेस नट उपटून आले तर दुसरे लावावे. चौथ्या-पाचव्या खेपेला निघालेले बोल्ट आम्ही पाहिले आहेत.

तेही न साधल्यास ड्रिल हाच मार्ग. तुटका पृष्ठभाग आधी कानशीने सपाट करावा, नाहीतर पंच घसरतो, आणि मध्य चुकला की ड्रिल बोल्ट सोडून मऊ बिडात शिरते. बारीक ड्रिलपासून सुरुवात करून 10 च्या बोल्टास, आटे दीड मिलिमीटरचे असल्यास, 8.5 पर्यंत जावे. मध्य अचूक असेल तर उरलेले आटे तारेच्या वेटोळ्यासारखे ओढून काढता येतात.

बाहेर आलेला तुकडा मिस्त्री फेकून देत नाहीत, उजेडात फिरवून पाहतात. त्या होडीचाही पाहिला गेला. आट्यांवर ग्रीसचा मागमूस नव्हता. नवा स्टड बसविताना त्यांनी तांब्याचे ग्रीस बोटाने प्रत्येक आट्यात भरले, टॉर्क पान्याने आवळले, आणि खडूने हेडवर तारीख लिहिली.