काकांना कोणत्या टीममध्ये घ्यायचं?

आमच्या कॉलेजच्या दिवसांत घाटकोपर पूर्वेला निव्वळ सायबर कॅफे म्हणून थाटलेलं दुकान क्वचितच दिसायचं. एखादा एसटीडी-पीसीओवाला आधी झेरॉक्सचं मशीन आणायचा, मग त्याच्या शेजारी दोन कॉम्प्युटर, आणि धंदा जमला की पोटमाळा काढून वर आणखी आठ. पंतनगरातून स्टेशनकडे चालत निघालं की एकाच पाटीवर लॅमिनेशन, रेल्वे रिझर्व्हेशन, कुंडली आणि इंटरनेट अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदाने नांदताना दिसत. 'गेमिंग' हा शब्द त्या पाटीवर बराच उशिरा चढला, तोही वेगळ्या रंगात.

आमचा अड्डा अशाच एका पोटमाळ्यावर होता. खाली स्टेशनरी, वर लोखंडी जिना, दहा मशीन आणि खिडकीतला एक एसी, ज्याचा गारवा पहिल्या तीन खुर्च्यांपुरताच. तासाला वीस रुपये. सुट्टे नसले तर वहीत मांडून ठेवायचे. मालक आमच्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठा असेल, पण त्याला झाडून सगळे दादा म्हणत. तो दिवसभर लोकांचे बायोडेटा टाइप करून द्यायचा आणि संध्याकाळी सहानंतर वर येऊन काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर लावायचा. आम्ही त्या गेमला नुसतं 'सीएस' म्हणायचो.

मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी 'हाफ-लाइफ' नावाच्या गेममध्ये हौसेने फेरफार करून 1999 मध्ये तो फुकट वाटला होता. पुढे वाल्व कंपनीने त्यांच्याकडून हक्क घेऊन 2000 मध्ये रीतसर बाजारात आणला. 2003 ची 1.6 ही आवृत्ती आमच्या पिढीची. तिची मुंबईच्या कॅफेंत फिरणारी प्रत कुठून आली हे दादाला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. जुन्या, धापा टाकणाऱ्या मशीनवरही ती चालायची, हे तिच्या लोकप्रियतेचं खरं कारण. नकाशे पुष्कळ होते, पण खेळायचा एकच: डस्ट टू. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या माणसाने 2001 मध्ये तो रचला. त्या वाळवंटी गावातले बोळ मला आजही माझ्या सोसायटीच्या बी विंगपेक्षा जास्त पाठ आहेत.

खेळ सोपा. एक टीम, म्हणजे टी, बॉम्ब लावणार, दुसरी, म्हणजे सीटी, अडवणार. बॉम्ब लावला की पंचेचाळीस सेकंद. तो निकामी करायला दहा सेकंद लागायचे, किट विकत घेतलेलं असेल तर पाच. पहिल्या राउंडला प्रत्येकाच्या खिशात आठशे डॉलर, म्हणजे फार तर पिस्तुलाची चैन. एके-47 अडीच हजारांची, आणि एका गोळीत माणूस आडवा करणारी ऑप पावणेपाच हजारांची. पैसे जपून वापरायचे, मित्राला बंदूक टाकायची, उधारी पुढच्या राउंडला फेडायची, हा सगळा मध्यमवर्गीय संसार त्यात होता. शिवाय मेलेला माणूस राउंड संपेपर्यंत मेलेलाच राहायचा. या एका नियमावर आमची अर्धी मैत्री उभी आहे. मेलेले लोक उठून जिवंतांच्या खुर्च्यांमागे उभे राहत. "लाँगमधून येतायत रे!" "फ्लॅश मार ना, ठेवलायस कशाला, दिवाळीला?" खालून वडापाव आणायला मेलेल्यांपैकीच कुणीतरी जायचा.

आणि टीम पाडायचा दादा.

ही गोष्ट तेव्हा इतकी सहज होती की तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. साडेसहाच्या सुमारास वर कोण कोण असायचं? आम्ही कॉलेजची पाच-सहा पोरं. त्यांत मन्या, ज्याची गोळी चुकायची नाही. शेजारच्या फरसाणवाल्याचा नववीतला मुलगा. एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, टाय सैल करून बसणारा. आणि एक काका. विम्याचं काम करायचे. प्रिंटआउट काढायला म्हणून आले, खाली वीज गेली म्हणून वर आले आणि कायमचे वरचे झाले. घरी जाण्याआधी अर्धा तास खेळायचे. प्रत्येक राउंडला शॉटगन घ्यायचे आणि सरळ लाँगच्या मोकळ्या रस्त्याने चालत जायचे, अगदी भाजी आणायला निघाल्यासारखे. त्यांना सांगून पाहिलं, की काका, कडेकडेने जा, आवाज न करता जा. ते म्हणायचे, "अरे, दिवसभर कडेकडेनेच चालतो."

दादा खुर्च्यांवरून एक नजर फिरवायचा. "काका टीमध्ये. मन्या, तूही टीमध्ये, पण फक्त पिस्तूल. छोट्या, तू सीटी." कधी मन्या फारच फॉर्मात असला तर तिघे एका बाजूला आणि सात दुसऱ्या बाजूला. कधी तीन राउंड एकतर्फी गेले की चौथ्याला खुर्चीवरून न उठवताच दोघांची अदलाबदल. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कच्च्या लिंबाला जी वागणूक मिळते तीच इथे होती: पहिला बॉल ट्राय, आउट झाला तरी आणखी एक संधी, आणि मोठ्या दादाने डाव्या हाताने बॅटिंग करायची. काकांनी चुकून कुणाला मारलं की दोन्ही टीम टाळ्या वाजवायच्या, ज्याला मारलं तोसुद्धा. बहुतेक वेळा तो मन्याच असायचा आणि तो मुद्दाम मरायचा असा मला दाट संशय आहे.

खुन्नस नव्हती असं नाही. खुन्नसचा वार ठरलेला होता. रविवारी क्लॅनच्या मॅचेस व्हायच्या, पाच विरुद्ध पाच, पैज लावून. एकदा आम्ही अंधेरीला सात बंगल्याजवळच्या एका कॅफेत खेळायला गेलो. तेव्हा मेट्रो नव्हती, ती 2014 मध्ये आली. घाटकोपरहून 340 नंबरची बस, साकीनाक्याला अर्धं आयुष्य. मांडीवर पिशव्या, पिशव्यांत स्वतःचे माउस. तिथली पोरं वर्ल्ड सायबर गेम्सच्या पात्रता फेरीची तयारी करणारी होती. त्यांनी आम्हाला जवळजवळ एक शब्दही न बोलता धुतलं. त्यांच्या खेळात एक पाऊलही वाया जात नव्हतं. पाहायला फार सुंदर. परतीच्या बसमध्ये मन्या मात्र साकीनाक्यापर्यंत गप्प होता आणि मग म्हणाला, "त्यांच्याकडे काका नाहीत."

मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकाने हेच होतं. मग ते हळूहळू मिटत गेलं. 2005 पासून एमटीएनएलचं ट्रायबँड घराघरांत शिरलं. 2011 च्या सरकारी नियमांनी कॅफेवाल्यांना ओळखपत्रं तपासायला, नोंदी वर्षभर जपायला आणि खुर्च्यांमधल्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच न ठेवायला लावलं. आमच्याकडे फळ्याच नव्हत्या, पण वह्यांचा व्याप दादाला जड गेला. 2016 मध्ये जिओ आल्यावर उरलेसुरले इंटरनेटवालेही झेरॉक्सकडे परतले. त्याबद्दल फार गळा काढण्यात अर्थ नाही. त्या एसीखाली मीही पुन्हा बसणार नाही.

पण दादा गेल्यावर टीम कोण पाडणार, हा प्रश्न उरलाच, आणि तो मशीनने सोडवला. मूळ कल्पना बुद्धिबळातली आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाने खेळाडूचं बळ एका आकड्यात मांडायची रीत बसवली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती 1970 मध्ये स्वीकारली. 2004 च्या 'हेलो 2' ने अशा आकड्यांवरून घरबसल्या अनोळखी माणसांशी जोड्या लावण्याची सवय जगाला लावली. मग मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'ट्रूस्किल' बनवलं. त्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात: एक त्याच्या कौशल्याचा अंदाज आणि दुसरा त्या अंदाजाबद्दलची शंका. शंकेचाही हिशेब ठेवणारं गणित मला मनापासून आवडलं. दादाही टीम पाडताना क्षणभर थांबायचाच.

2012 मध्ये आलेल्या नव्या काउंटर-स्ट्राइकमध्ये तो आकडा बिल्ला होऊन नावाशेजारी येऊन बसला: सिल्व्हरपासून ग्लोबल एलिटपर्यंत अठरा पायऱ्या. 2018 मध्ये पब्जी मोबाइल आला आणि ब्राँझ ते कॉन्करर ही शिडी लोकलच्या डब्यात पोहोचली. घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर दोन पोरं भेटली की पहिला प्रश्न "क्राउन झालास का?" कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. बाकीच्या लाखोंनी काय व्हायचं, याला शिडीकडे उत्तर नव्हतं. 2020 च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली, 2021 च्या जुलैत तो बीजीएमआय म्हणून परतला, आणि शिडीही परतली.

लॉकडाउनमध्ये आमचा जुना कंपू ऑनलाइन जमला. गेमचं नाव सांगत नाही, कारण सगळीकडे तीच कथा. मन्या महिन्याभरात वर चढला. मी मधे कुठेतरी. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, जो आता एरिया मॅनेजर आहे, तळाशी. एकत्र खेळायला बसलो की मशीन मन्याच्या तोलामोलाचे लोक समोर आणून उभे करायचं आणि आमचे मॅनेजरसाहेब पाय टाकायच्या आत आडवे व्हायचे. आमच्यात भरतीला आलेला पाचवा अनोळखी भिडू त्यांना ज्या शिव्या द्यायचा, त्या इथे छापता येणार नाहीत. चार-सहा रात्रींनंतर साहेब ग्रुपवर लिहू लागले, "आज जमत नाही, कॉल आहे." रात्री अकराला कसला कॉल? काही गेम्समध्ये तर हा प्रसंगही येत नाही. व्हॅलोरंटच्या रँक्डमध्ये रँकचं अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की दोघा-तिघा मित्रांना एकत्र उतरताच येत नाही. त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे, कुणी हुशार मित्राच्या खांद्यावर बसून वर चढू नये. पण आमचे काका कुणाच्या खांद्यावर बसून कुठे चढणार होते?

बिनरँकचाही विभाग असतो, तिकडे जा, असं सांगतात. गेलो. तिथेही अनेकदा पडद्यामागे लपवलेला आकडा काम करतोच. एके संध्याकाळी चांगलं खेळलं की दुसऱ्या संध्याकाळी समोर आणखी तगडे लोक. आपण सुधारलो हे कधी जाणवतच नाही. ऑफिसमधून दमून आलेल्या माणसाला अर्धा तास थोडा आचरटपणा करायचा असतो, शॉटगन घेऊन मोकळ्या रस्त्याने जायचं असतं. तिथे प्रत्येक राउंड परीक्षेचा.

दुसरी बाजूही ऐकून घ्यायला हवी, आणि ती पोकळ नाही. कॉल ऑफ ड्यूटीच्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने 2024 च्या जुलैत एक लांबलचक अहवाल काढला. त्यांनी काही खेळाडूंच्या मॅचेसमध्ये कौशल्याचं वजन गुपचूप कमी करून पाहिलं होतं. झालं उलटंच: वरचे दहा टक्के खूश, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांचं परत खेळायला येणं घटलं. कच्चे खेळाडू मॅच अर्ध्यात सोडून जायला लागले. म्हणजे मशीन काढून घेतलं तर काकांना वाघांच्या पिंजऱ्यात सोडल्यासारखं होणार. हे मला मान्य आहे. मात्र त्या प्रयोगात दादा कुठेच नव्हता. अनोळखी माणसं तोलामोलाची असोत वा नसोत, मॅच संपली की पांगणार. मन्याला "फक्त पिस्तूल" म्हणणारं कुणी नाही, तीन विरुद्ध सात लावणारं कुणी नाही, आणि मुद्दाम मरावं असं वाटायला समोरचे काका कोण आहेत हे माहीत असावं लागतं.

गंमत म्हणजे त्याच कॉल ऑफ ड्यूटीच्या 2025 च्या नोव्हेंबरात आलेल्या 'ब्लॅक ऑप्स 7' मध्ये कौशल्याची अट बरीच सैल केली गेली, आणि मॅच संपल्यावरही तीच माणसं पुढच्या मॅचला एकत्र राहतील अशी सोय परत आणली. माझ्या मते त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. दोन मॅचेसच्या मधल्या त्या मिनिटभरात माणसं बोलतात. वडापाव तेव्हाच मागवला जातो.

आम्ही मात्र अठरा पायऱ्यांचा नाद सोडून जुन्या 1.6 वर परतलो आहोत. पासवर्ड लावलेला सर्व्हर, रविवारी रात्री, डस्ट टू. एकजण बोरिवलीत, साहेब मुलुंडला, एक न्यू जर्सीत, जिथे तेव्हा सकाळ असते. टीम दुपारीच ग्रुपवर पाडल्या जातात आणि त्यावर खेळापेक्षा जास्त वेळ वाद चालतो. मन्याला अजूनही फक्त पिस्तूल मिळतं. काका आता खेळत नाहीत. शॉटगनची जबाबदारी साहेबांनी घेतली आहे आणि ते ती निष्ठेने पार पाडतात. मागच्या खेपेला न्यू जर्सीवाल्याने पिंगचं कारण सांगून आपल्याला दुबळ्या बाजूत धरावं अशी मागणी केली. बोरिवलीकर म्हणाला, "पिंग नाही रे, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा." त्यावरून पेटलेलं भांडण बुधवारपर्यंत पुरलं.