गॅस बंद, नूडल्स गार!

नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय चीज आहे, हे नागपूरबाहेरच्यांना समजावणं कठीणच. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. २०२४ च्या मे महिन्यात तर एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ दाखवले! सेन्सरच बिघडला होता, असं मग हवामान खात्याने सांगितलं. पण खरं सांगू? आमच्या हिंगण्यात त्या आकड्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.

आता माझंच बघा. सकाळी डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं स्कार्फमध्ये गुंडाळायचं, ॲक्टिव्हा काढायची आणि लोकमान्य नगर स्टेशन गाठायचं. तिथून पुढे एसी मेट्रो. २०२० च्या जानेवारीत ही लाइन सुरू झाली आणि सीताबर्डीपर्यंतचा प्रवास म्हणजे चैन झाली. बर्डीच्या ऑफिसात एसी इतका कडक, की आमच्या अकाउंट्सच्या मुली भर मे महिन्यात शाल पांघरून बसतात. थोडक्यात, दिवसभरात मला ऊन लागतं ते जेमतेम पाऊण तास. बाबा, म्हणजे माझे सासरे, रिटायर्ड. ते हॉलमध्ये कूलरसमोर. दीर एमआयडीसीत शिफ्टला. नवरा सध्या पुण्यात प्रोजेक्टवर, त्यामुळे या गोष्टीत तो फक्त फोनवर आहे.

आणि आई? आई किचनमध्ये.

किचनमध्ये कूलरची हवा पोचत नाही. पोचू देताही येत नाही, कारण झोत आला की गॅसची ज्योत फडफडते. पोळ्या करताना पंखासुद्धा बंद. बाहेर पंचेचाळीस, आत वर दोन बर्नर! घरातल्या सगळ्यात तापलेल्या खोलीत, दिवसाच्या सगळ्यात तापलेल्या वेळी, साठी ओलांडलेली बाई उभी. का? तर बाबांना पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. एक वाजता बाबा, अडीचला दीर. मधल्या वेळात आईंचं पदराने मान पुसणं.

मागच्या मे महिन्यात आईंना ओट्याशीच चक्कर आली. शेजारच्या काकूंनी धरलं म्हणून बरं. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, दुपारचं गॅससमोर उभं राहायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. चार दिवसांनी दुपारी एक वाजता पोळ्या पुन्हा गरमागरम!

सकाळीच करून डब्यात ठेवाव्यात, तर बाबांच्या मते त्यांचं चामडं होतं. दहीभात सुचवला, तर "तो आजारी माणसाचा." स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं, तर आईच तयार नाहीत. वर, त्या बाईने तरी त्या भट्टीत का उभं राहायचं? तेव्हा माझ्या डोक्यात एक फंडा क्लिअर झाला. गरम पोळीच्या जागी गार पोळी ठेवली, की तुलना होणारच. त्यापेक्षा ताटात असं काहीतरी हवं, ज्याची गरम आवृत्ती बाबांना माहीतच नाही.

गार नूडल्स!

नाक मुरडू नका. जपानी लोक उन्हाळ्यात 'सोमेन' नावाच्या केसासारख्या बारीक गव्हाच्या शेवया उकडून, बर्फाच्या पाण्यात टाकून, खारट सॉसमध्ये बुडवून खातात. चीनमध्ये गार नूडल्सवर तिळाच्या वाटणाचा सॉस असतो. मी म्हटलं, तिळाच्या जागी आपलं दाण्याचं कूट का नको?

तर चौघांसाठी तीनशे ग्रॅम साध्या हक्का नूडल्स. मसाल्याच्या पुडीवाल्या नकोत. भरपूर पाण्यात मीठ घालून, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा किंचित जास्त शिजवायच्या, कारण गार झाल्यावर त्या घट्ट होतात. हे काम रात्री, तेही माझं. मग चाळणीत ओतून गार पाण्याखाली धुवायच्या, असं सगळ्या रेसिपींमध्ये लिहिलेलं असतं. अहो, पण मे महिन्यात आमच्या टाकीच्या नळाला रात्री दहालाही जे पाणी येतं, त्यात चहा होईल! माठातलं पाणी घ्या. दोन तांबे ओतून हाताने हलकेच चोळा, म्हणजे वरचा चिकट स्टार्च निघून जातो. तो राहिला की सकाळी डब्यात गोळा झालाच म्हणून समजा. मग बर्फाच्या पाण्यात मिनिटभर, पूर्ण निथळवून चमचाभर फल्लीचं तेल चोळायचं आणि झाकण लावून लगेच फ्रिजमध्ये. शिजवलेल्या नूडल्स ओट्यावर तशाच ठेवायची चैन नागपुरात नाही. दुसऱ्या दुपारी संपवायच्याच. ऑफिसला डबा नेत असाल, तर पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये टाका. तुमच्या डेस्कवर एसी असला, तरी वाटेत तो नसतो.

सॉसमध्ये अर्धी कैरी किसून, चार चमचे दाण्याचं कूट, दोन लसूण पाकळ्या, जिरेपूड, लाल तिखट, लिंबाएवढा गूळ आणि सैल होईपर्यंत माठाचं पाणी. मीठ आणि आंबट हात सोडून घाला. गार पदार्थात चव दबते. काकडी, गाजर, कांदा लांब चिरून, वरून पुदिना आणि मूठभर सांबार. (कोथिंबीर हो, पुणेकर!) बाजूला एक वाटी जवसाची चटणी. सॉस आयत्या वेळी कालवायचा, नाहीतर नूडल्स तो सगळा पिऊन बसतात. कालवायला तीन मिनिटं, आणि गॅस पेटवायचाच नाही.

पहिला प्रयोग रविवारी केला, म्हणजे मी घरी असेन. बाबांनी ताट पाहिलं. "हे काय, शिळं?"

"शिळं नाही, गार," मी म्हटलं.

"गार खाऊन पोट भरते का माणसाचं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात आई बोलल्या. कैरीचा कीस तोंडात टाकत, अगदी सहज. "आमच्या काटोलले सरगुंडे काय गरम खात होतो का आम्ही? आमरसात टाकून गारच खायचो. तुम्ही बी तर लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोन वाट्या खाल्ले होते. विसरले का?"

सरगुंडे माहीत नसतील, तर सांगते. काडीवर गुंडाळून केलेल्या कणकेच्या शेवयाच म्हणा ना! विदर्भात आमरसाबरोबर खातात. मी मात्र टोकियोपर्यंत जाऊन आले होते आणि उत्तर काटोलला होतं!

बाबा गप्प. मग त्यांनी जवसाची चटणी घेतली. मग आणखी थोडी. "पोळी नाही का एखादी?" असं एकदा विचारून झालं. आई उठायला लागल्या, तर दिराने त्यांचा हात धरून खाली बसवलं. हे मला अनपेक्षित होतं. तो एरवी ताटावरून मान वर करत नाही.

आता आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार नूडल्स. त्या दिवशी सकाळी दहाला गॅस बंद होतो, तो सहाला चहालाच पेटतो. आईंनी माझ्या रेसिपीत आपले बदल केलेच. गुळाऐवजी कधी आंब्याचा गोड रस, आणि फोडणी आदल्या रात्रीच करून बाटलीत. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही, किचन त्यांचं आहे. दीर सॉस कालवतो. जरा जास्तच तिखट कालवतो.

परवा ऑफिसला सुट्टी होती. दुपारी दीडला पाणी प्यायला उठले, तर किचनमध्ये कुणी नव्हतं. हॉलमध्ये कूलरसमोर दोन खुर्च्या. एकीत बाबा घोरत होते. दुसरीत आई पाय वर घेऊन पेपरमधलं शब्दकोडं सोडवत होत्या. मला पाहून त्यांनी खूण केली, आवाज करू नको. मग हळूच विचारलं, "चार अक्षरी, 'विश्रांती'ला दुसरा शब्द?"

मंगळवार-गुरुवार अजून पोळ्या आहेत. तव्यावरच्या, गरम. शनिवार-रविवार मी घरी असते, तेव्हा ओट्याशी कोण हा वाद माझ्यात आणि आईंमध्ये होतो. गुरुवारचं बोलणं मात्र बाबांशी चालू आहे. परवा त्यांनी पुन्हा जवसाची चटणी मागितली, तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, "पाहू."