थरथर गाडीची की माझी?

मैत्रिणींनो, थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून क्लच सोडायला लागलं, की सगळं अंग थरथरतं, असा अनुभव तुम्हाला आलाय का कधी? गाडीचं अंग म्हणतेय मी! पण खरं सांगायचं तर गेल्या वर्षी काही आठवडे माझंही अंग तितकंच थरथरत होतं.

आम्ही साताऱ्यात राहतो. हे पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतात. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. माझं माहेर सांगलीचं. पावसाळ्यात आई घरातच घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वहिनी एकटी किती करणार? म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की मी आमची जुनी छोटी गाडी काढायची, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत सांगली गाठायची आणि रात्री मुलांच्या जेवणापर्यंत घरी परत.

एका शनिवारी तासवडे टोलनाक्यावरून निघताना गाडी गदगदा हलली. वेग घेतल्यावर थांबली, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण पुढे प्रत्येक सिग्नलला तेच. गॅरेजमध्ये नेली, तर तिथला मुलगा गाडी न उघडताच म्हणाला, “गाडी ठणठणीत आहे, ताई. तुम्ही क्लच नीट सोडत नाही. फार तर क्लचप्लेट बदलून टाकू.” हेही फोनवर हसले, “मी चालवतो तेव्हा तर काही होत नाही!”

झालं. मलाही वाटलं, आपलंच चुकत असणार. किल्ली खुंटीला अडकवली. सलग दोन शनिवार सांगलीला गेले नाही. आई फोनवर म्हणाली, “नको येऊस गं, मी बरी आहे.” आईचं ‘बरी आहे’ म्हणजे काय, हे आपल्याला का ठाऊक नाही?

त्या रात्री मी किराण्याची वही घेतली. वर्गात मुलांना मी ‘केव्हा, कुठे, कसे’ असे प्रश्न विचारायला लावते. तेच गाडीला विचारायचं ठरवलं. चार दिवस कॉलनीतल्या रस्त्यावर चालवून टिपून ठेवलं. थांबून निघतानाच हलते, वेगात नाही. पहिल्या गिअरमध्ये हलते, रिव्हर्समध्येही. एसी चालू असला की जास्त. हे लिहिताना एकदम लक्षात आलं, यांचं चालवणं रविवारी सकाळी, एसी बंद ठेवून!

शनिवारी जपून गाडी सांगलीला नेली. तिथे आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्रीकाका आहेत. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये एकेकाळी तयार होणारी ‘प्रिया’ वडिलांकडे होती, तेव्हापासून आमच्या गाड्या तेच बघतात. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि म्हणाले, “निम्मं काम तूच केलंस, बाळ.”

बॉनेट उघडून ते बाजूला उभे राहिले. (गाडीसमोर कुणीही उभं राहायचं नाही, हे आधी बजावलं.) मला हँडब्रेक ओढायला आणि पायाचा ब्रेक घट्ट दाबायला सांगितला. पहिला गिअर घालून मी क्लच अगदी थोडा, पकड घेईपर्यंतच सोडला. इंजिन जागच्या जागी केवढी उसळी मारत होतं! थोडं हलणं साहजिक, एवढं नाही.

आपल्या मिक्सरच्या खालचे रबरी पाय झिजले, की तो ओट्यावर नाचत सुटतो ना? तसंच. इंजिन रबर बसवलेल्या आधारांवर टेकलेलं असतं. त्यांना माउंटिंग म्हणतात, काही मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. उष्णतेनं, गळणाऱ्या ऑइलनं आणि वयानं ते रबर फाटतं. आमच्या गाडीचं एक असंच फाटलं होतं. एसी लावला की इंजिनावर भार वाढतो, म्हणून थरथरही वाढायची. बऱ्याशा साडीच्या किमतीत काम झालं. क्लचप्लेट जुनीच राहिली.

काकांनी मला आणखी काही खुणा सांगितल्या, त्याही लिहून ठेवा. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा. ब्रेक दाबतानाच थरथर असेल, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम. वळताना ‘कट-कट’ आवाज आला, तर पुढच्या चाकाकडचा ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचं इंजिन अडखळत असेल, तर स्पार्क प्लग किंवा कॉइल तपासून घ्या. आणि माउंटिंग चांगलं असूनही फक्त क्लच पकड घेतानाच गाडी हादरली, तर मात्र क्लचप्लेटवर ऑइल आलेलं असू शकतं.

एक कबुलीही देऊन टाकते. चालवताना डावा पाय क्लचवर ठेवून बसायची माझी सवय होती. त्यानं क्लच लवकर झिजतो. काकांनी ती बरोबर हेरली आणि मी मोडली. चूक आपली असेल तर जरूर सुधारावी. पण गाडी उघडून न बघताच कुणी ती आपल्या पदरात घातली, तर मुकाट्यानं घेऊ नये. आधी वही काढावी.

पुढच्या शनिवारी दारात हॉर्न वाजवला. वॉकरचा ठक-ठक आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, “आली गं माझी ड्रायव्हरीण!”